हाक मारतात तसं

ओट्याशी उभी राहून मी तीळ भाजत होते. तीळ तडतडू लागले, खमंग वास स्वयंपाकघरभर पसरला, आणि माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही खांदे कानांजवळ येऊन बसले आहेत. उलथनं मुठीत आवळलेलं, दातांवर दात घट्ट, श्वास मध्येच कुठे तरी अडवून धरलेला. वाटीभर तीळ भाजायला एवढं सगळं लागत नाही. मी गॅस बारीक केला, खांदे खाली सोडले. कढई उतरवेपर्यंत ते पुन्हा वर.

ईरा, नील, इथे थंडी आली आहे. तुम्ही कॅलगरीत बसून हसाल, कारण या दिवसांत तुमचा बाबा गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असतो. नाहूरची थंडी म्हणजे पंखा पाचावरून एकावर येणं. वॉचमनच्या डोक्यावर माकडटोपी चढते, लिफ्टमध्ये बायका एकमेकींना "काय गारठा आहे नाही!" म्हणतात आणि म्हणताना खूश असतात. गल्लीच्या तोंडाशी हातगाड्यांवर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या, तुरीच्या शेंगा, तिखटमीठ लावलेले पेरू. आमच्या गच्चीवरून नॅशनल पार्कचा डोंगर दिसायचा, तो आता सकाळी दिसत नाही. धुकं आणि नव्या टॉवरांची धूळ मिळून एक राखाडी पडदा होतो आणि ऊन चांगलं वर आल्याशिवाय हलत नाही. हा पडदा पडला आणि तीळगूळ घरात आला की मला ती एक थंडी आठवते. जुने ऋतू माणसांना वासानं आठवतात म्हणे. मला ती थंडी मानेनं आठवते.

त्या वर्षी तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, आकाशकंदील अजून उतरवलेला नव्हता. आजोबा दाढी करत होते. दाढी करताना ते गायचे. भजनाची एक ओळ घ्यायची, गालावरून वस्तरा फिरेपर्यंत ती लांबवायची, वस्तरा पाण्यात बुडवला की पुढची. कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराचा हा मुलगा. लालबागच्या खोलीत भजनं ऐकतच मोठा झालेला. पुढे भांडुपच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन झाला तरी गळा तोच राहिला. त्या सकाळी ओळ अर्धी राहिली. मी कणीक मळत होते. आधी शांतता ऐकली, पडल्याचा आवाज नंतर आला.

इस्पितळातून ते घरी आले ते चार पायांची काठी डाव्या हातानं टेकत. उजवा हात खांद्याला नुसता लटकलेला, चेहऱ्याची उजवी बाजू उतरलेली, आणि बोलणं गेलेलं. समजत बरंच होतं. पेपर समोर धरला तर डोळे ओळींवरून सरकायचे, हवी ती वस्तू डाव्या हातानं दाखवायचे. पण तोंडातून एकच शब्द यायचा, "हां". चहा हवा, हां. चहा नको, हां. पाय अवघडलाय, हां. एवढ्या एका शब्दात ते सगळा दिवस ढकलायचे आणि तो पुरला नाही की डोळे मिटून घ्यायचे.

स्पीच थेरपिस्ट म्हणजे अगदी तरुण मुलगी होती. तिनं त्यांचा तो "हां" बराच वेळ ऐकला आणि म्हणाली, "यांच्या प्रत्येक 'हां'ची चाल वेगळी आहे, लक्षात आलं का तुमच्या? बोलण्याचा रस्ता बंद झालाय, पण गाण्याचा कदाचित उघडा असेल. काही जणांना शब्द चालीतून परत येतात. सगळ्यांना नाही. कुणी तरी समोर बसून रोज त्यांच्याबरोबर गायला पाहिजे. घरात गाणारं कोण आहे?"

मी आजोबांकडे बोट केलं. तुमच्या बाबानंही केलं. तेव्हा तो धावत आला होता. आजोबांनीसुद्धा डावा हात उचलून स्वतःच्याच छातीला लावला आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसले.

"ते झालं हो," ती म्हणाली. "आणखी कोण?"

आणखी कोणी नव्हतं.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. पण हे मराठीत लिहिते आहे, कारण आजोबांचे हरवले ते शब्द मराठी होते आणि मी शोधत होते तेही. अडलं तर आईकडून वाचून घ्या. गाण्याशी माझा संबंध एवढाच, की वर्गात कुणी गुणगुणलं तर मी पाठमोरी असतानाही कोण ते सांगायची. मी गात नसे. आमच्या आईचं म्हणणं होतं, मुलीनं तोंड एवढं उघडू नये की पडजीभ दिसेल. शाळेत नन्स होत्या, त्यांनी पाठ ताठ, पोट आत, हनुवटी वर हे अंगात असं मुरवलं की पुढे कुणी सांगायची गरज उरली नाही. त्यावर नोकरी, संसार, परीक्षांच्या दिवसांतलं सुपरवायझरचं काम. माणसं मला बघून सरळ बसायची. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मुलुंड पूर्वेला मेघना नावाची बाई गाणं शिकवते असं शेजारणीकडून कळलं. चाळिशीची असेल. जुन्या इमारतीत एक खोली, सतरंजी, हार्मोनियम, मोबाइलवर लावलेला तानपुरा. माझ्या आधी शाळेतल्या मुलींचा क्लास असायचा, त्यामुळे सतरंजीवर नेहमी एखादी क्लिप किंवा शेंगदाण्याची सालं पडलेली असत.

"काकू, हौस आहे की परीक्षा द्यायचीय?" तिनं विचारलं.

"मिस्टरांना बोलायला शिकवायचंय," मी म्हणाले.

तिनं तानपुऱ्याचा आवाज वाढवला. "लावा सा."

मी सा लावला.

"काकू, ही हजेरी झाली," ती म्हणाली. "मला उगाच 'प्रेझेंट' म्हणावंसं वाटलं."

मग तिनं दोन बोटांनी माझी हनुवटी धरली. "ही मला द्या. तुम्ही काही करायचं नाही. मी हलवीन." मी दिली, म्हणजे माझ्या मते दिली. ती हनुवटी खाली नेऊ लागली की मी आधीच खाली नेत होते. ती वर नेऊ लागली की मी वर. "मदत करू नका हो," ती म्हणाली. मी मदत थांबवली तर हनुवटी दगडासारखी जागच्या जागी. सोडायचं म्हणजे नक्की काय करायचं हे मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "तोच तर प्रॉब्लेम आहे ना काकू. करायचं नाहीये काही."

तिनं माझा हात मनगटाला धरून वर उचलला आणि अचानक सोडला. हात तिथेच राहिला, हवेत. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. एखाद्या हुशार मुलीनं उत्तर येतंय म्हणून वर केलेला असावा तसा तो दिसत होता. "हा कोणाच्या आधारानं उभा आहे, सांगा बघू?" मेघना म्हणाली.

त्या संध्याकाळी आजोबांना शर्ट घालताना मी त्यांचा उजवा हात उचलला, बाहीत घातला, आणि सोडला. तो पडला. गादीवर पिशवी पडावी तसा. घरात एक हात असा होता की पडायचंच जाणायचा, आणि एक असा, की पडायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं. वाटण्या नीट झाल्या असत्या तर दोघांचं भागलं असतं.

तुम्हाला गंमत वाटेल, पण त्या थंडीत मी स्वतःच्या शरीराची ओळख करून घेतली, सत्तरीला आलेल्या वयात. जीभ बोलत नसताना कुठे असते? माझी मागे खेचलेली, टाळूला टेकलेली असे, जणू कुणी तरी माझं बोलणं संपायची वाट बघतंय. भुवया वर. चपलांमध्ये पायाची बोटं आखडलेली. मी रिक्षात बसले तरी रिक्षा माझ्यामुळे चालते अशी बसायची. भाजीवाल्याकडे, बँकेत, इस्पितळाच्या बाकावर मी इतर माणसांना बघू लागले. सगळ्यांनी काही ना काही धरून ठेवलेलं होतं. कुणी पर्सचा बंद, कुणी ओठ, कुणी पोट. या उपनगरांमध्ये माणसं घर धरून ठेवतात, नोकरी धरून ठेवतात, त्याच स्नायूंनी बहुधा बाकीचंही. ज्यानं धरलं नाही त्याचं सुटलं, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. आणि ही मुलगी मला सतरंजीवर उताणी निजवून सांगायची, "काकू, जमिनीला वजन द्या. जमीन घेते."

भांडुपहून तुमचे बाळाआजोबा यायचे, आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांना कळलं की मी गाणं शिकते आहे. चप्पल काढायच्या आत म्हणाले, "वैनी, गाणा शिकतास? बरा झाला! आता दादा पळतलो खय!" म्हणजे, बरं झालं, आता दादा पळून जाणार कुठे! आजोबा इतके हसले की ठसका लागला. "हां! हां!" पाणी पाजताना मीही हसत होते. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच असे हसले होते.

"हसतास काय? म्हणून दाखवा मगे," भाऊजी म्हणाले.

मी म्हणाले, "आधी तुम्ही हातपाय धुवा."

"बघ रे दादा, शाळा सुरू झाली!"

थेरपिस्टनं सांगितलं होतं की मोठं गाणं नको, दोन-तीन शब्द घ्या, जे त्यांना मनापासून म्हणावेसे वाटतील असे. आम्हाला शोधावं लागलं नाही. तुमची नावं. संक्रांतीला तुमचा व्हिडिओ कॉल यायचा होता, तोपर्यंत आजोबांनी तुम्हाला नावानं हाक मारावी, एवढंच माझं ठरलं. अमेयला, तुमच्या बाबाला, सांगितलं. त्यानं तुम्हाला सांगितलं. इथूनच सगळं जड झालं असावं, पण तेव्हा मला ते बळ वाटलं.

मेघनाला मी नावांना चाल मागितली. तिनं हार्मोनियम बंद केला. "अमेय लहान असताना खाली खेळायला गेला की जेवायला कसं बोलवायचात?"

"अमेऽऽय," मी म्हणाले.

"परत."

"अमेऽऽय!"

"अहो हेच की! तोंड बघा किती उघडलं. खांदे बघा, कुठल्या कुठे. जगातली कुठली आई दात आवळून पोराला जेवायला हाक मारते? काकू, तुम्ही गाऊ नका. हाक मारा. हाक मारतात तसंच. 'ई' वर, 'रा' खाली, आणि 'रा'वर राहा, पोरगी जिना चढून वर येईपर्यंत."

ईऽराऽऽ. नीऽलूऽऽ. एवढंच गाणं. दोन सुरांचं. तुमच्या नावांचं.

दुपारी ऊन खिडकीत आलं की मी आजोबांच्या समोर स्टूल घेऊन बसायची. त्यांचा डावा हात माझ्या हातात. प्रत्येक अक्षराला गुडघ्यावर एक हलकी थाप. थेरपिस्टनं तसं शिकवलं होतं. मी म्हणायची, "ईऽराऽऽ". ते माझ्या तोंडाकडे डोळे रोखून बघायचे. ओठ जुळवायचे. गळ्याशी काही तरी चढायचं, आणि मग दातांवर दात बसायचे. "हां," ते म्हणायचे, आणि मान फिरवायचे. पुन्हा. पुन्हा. मेघनाच्या खोलीत सुटलेली हाक घरी त्यांच्यासमोर मुळी सुटतच नव्हती. मला हवं होतं ना त्यातून काही. ज्या क्षणी हवं असायचं त्या क्षणी जबडा बंद.

एका दुपारी मेघना घरी आली. आमचा सराव दारातच उभी राहून बघितला आणि म्हणाली, "काकू, काका ऐकत नाहीयेत. ते तुमचं तोंड बघतायत. तुम्ही आवळलं की ते आवळतात. सेम टू सेम." मग मला उठवून ती स्टुलावर बसली. तिनं त्यांचा हात धरला, जांभई देऊन घेतली, तीही खरी, आणि खिडकीतून खाली कुणाला बोलवावं तशी म्हणाली, "ईऽराऽऽ".

आजोबांचा जबडा खाली आला. "ईऽ," ते म्हणाले. मग "आऽऽ".

'र' आला नव्हता. पण सूर दोन्ही बरोबर होते, वरचा आणि खालचा. "काका, झकास!" मेघना ओरडली आणि तिचे डोळे भरून आले. मी पोह्यांची बशी हातात घेऊन उभी होते. बशी मी नीट टेबलावर ठेवली. मला आठवतं, ती मी टेबलाच्या कडेला समांतर ठेवली.

संक्रांतीला मेघना इथे नव्हती; दर वर्षी ती चिपळूणला सासरी जाते. म्हणजे स्टुलावर मीच. पण तिनं जाण्याआधी एक तोडगा काढला. तिच्या लक्षात आलं होतं की माझ्या हातांना काम असलं की माझं तोंड सैल राहतं. "मटार सोला आणि हाक मारा," ती म्हणाली. "बोटांना गुंतवा, गळ्याकडे कुणाचं लक्षच नको."

मटारचे दिवसच होते. मी मांडीवर ताट घेऊन त्यांच्यासमोर बसू लागले. शेंग फोडायची, दाणे ताटात ओघळायचे, आणि मध्येच, कुठे न बघता, "ईऽराऽऽ". गुडघ्यावरची थाप आता ते स्वतःच द्यायचे, डाव्या हातानं. एकदा त्यांनी एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि चावता चावता म्हणाले, "ईऽआऽऽ". मी मान वर केली नाही. पुढची शेंग घेतली. त्या आठवड्यात आम्ही मटारची उसळ, मटारभात, मटारच्या करंज्या खाल्ल्या आणि फ्रीझरमध्ये पिशव्यांवर पिशव्या रचल्या. बाळा भाऊजी म्हणाले, "वैनी, मटाराचा दुकान घातलास काय?" तसंच दिसत होतं. "नीऽऊऽऽ" देखील एकदा आलं, पुसटसं. त्या थंडीत मी जे काही सुख पाहिलं ते हिरव्या सालांच्या ढिगात पाहिलं.

संक्रांतीच्या संध्याकाळी मी काळी चंद्रकळा नेसले. आजोबांना धुतलेला सदरा घातला, भांग पाडला, हनुवटीवरची लाळ पुसली. टेबलावर डब्यांवर डबे ठेवून मोबाइल टेकवला, दोघंही चौकटीत येतो का ते पाहिलं, मागची खुर्ची सरकवली, तिळाच्या वड्यांचं ताट समोर मांडलं. आणि मटारचं ताट आत नेऊन ओट्यावर ठेवलं. सणासुदीला, काळं लुगडं नेसून, मांडीवर सालं घेऊन कॅमेऱ्यासमोर कोण बसतं? आमच्या घरात कुणीच बसलं नसतं. पाहुण्यांसमोर पसारा आवरायचा, हे इतकं मुरलेलं, की आपण काय आवरतोय ते मला कळलंही नाही. आम्ही फोटोला बसावं तसे बसलो. पाठ ताठ, पोट आत.

तुमची तेव्हा सकाळ होती. तुम्ही दोघंही शाळेचे जाड कोट घालून पडद्याला नाक लावून बसला होतात. ईरा, तू म्हणालीस, "आजोबा, से माय नेम! माझं नाव बोला ना!" तुझ्या आईनं तुला मागे ओढलं. मागे अमेयचा चेहरा मला दिसत होता.

मी आजोबांचा हात धरला. माझे खांदे वर गेलेले मला कळले. ते खाली कसे आणायचे हे मला शब्दन् शब्द पाठ होतं. जमिनीला वजन द्यायचं, जीभ पुढे, जांभईची जागा. मी सगळं करून पाहिलं, एकाच वेळी, आणि जितकं केलं तितकं घट्ट झालं. "ईऽराऽऽ," मी म्हणाले. हजेरीचा आवाज. आजोबांनी तुमच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि अगदी तसंच, माझ्यासारखंच, त्यांचं तोंड मिटलं. मी पुन्हा म्हणाले. ओठ आणखी घट्ट. कपाळावर घाम आला होता. त्यांनी "हां"सुद्धा म्हटलं नाही.

नील, तू किती लहान होतास. तू विचारलंस, "आजी, तुमचं नेट गेलं का? आजोबा हलत नाहीयेत."

"हो रे," अमेय म्हणाला. "आजीकडचं नेट... फ्रीज झालंय वाटतं."

आणि आम्ही दोघं हललो नाही. मी आजोबांना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनाही कळलं. तुमच्या बाबाचं बोलणं खरं ठरावं म्हणून आम्ही दोघं तसेच, हात हातात, डोळे उघडे ठेवून, पापणी न हलवता बसून राहिलो. "बाय आजी, बाय आजोबा, हॅपी संक्रांत," तुम्ही त्या न हलणाऱ्या चित्राला म्हणालात. कॉल बंद झाला तरी जरा वेळ आम्ही तसेच होतो. मग आजोबांनी वड्यांच्या ताटातली एक वडी उचलली आणि माझ्यापुढे धरली. गोड बोल, असं काही म्हणायचं असतं त्या वेळी. त्यांनी नुसती धरली.

मटार मांडीवर असते तर नाव आलं असतं का, हे मी थेरपिस्टला विचारलं. ती म्हणाली, सांगता येत नाही. मेघना परत आल्यावर तिनं किती तरी वेळा प्रयत्न केला. तिच्यासमोर आणखी दोन-तीनदा "ईऽ" आलं, मग तेही यायचं थांबलं. शिमग्यापर्यंत पुन्हा नुसता "हां" उरला होता, आणि त्याच्या चाली एकेक करून सपाट होत गेल्या. थेरपिस्टनं एक दिवस सांगितलं की आता दर आठवड्याला यायची गरज नाही. ती हे किती काळजीपूर्वक बोलली ते मला समजलं. मीही पालकांना असंच बोलावून, असंच सावकाश, काही गोष्टी सांगितल्या आहेत.

मेघनाकडे मी जात राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. पंखा पुन्हा पाचावर गेला होता. एका दुपारी तिनं सवयीनं माझा हात मनगटाला धरून उचलला, सोडला, आणि तो पडला. थप्प, मांडीवर. तिनं पुन्हा उचलला. पुन्हा पडला. तिनं माझी हनुवटी धरली. हनुवटी तिच्या बोटांबरोबर इकडे गेली, तिकडे गेली. "लावा," ती कुजबुजली. मी सा लावला. त्या खोलीत असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, माझा तर नाहीच. भरलेला, कुठेही न अडणारा.

"काकू! सुटला!" तिनं टाळ्याच वाजवल्या. "काय केलंत? सांगा ना, काय केलंत?"

"काही नाही," मी म्हणाले. खरंच काही केलं नव्हतं. मी वाट बघायचं थांबले होते.

तिला हे सांगितलं नाही. ती इतकी आनंदात होती. पण घरी येताना रिक्षात सैल हात मांडीवर टाकून बसले असताना मला वाटलं, मी इतके दिवस ज्याला दुखणं समजत होते, त्या जबड्यात, त्या खांद्यांत माझी आशा राहायची. ती धरून ठेवायलाच ते सगळे स्नायू होते. ती गेली तशी त्यांना सुट्टी मिळाली. गाणं शिकवणारे "सोडा, सोडा" म्हणतात, बरोबर म्हणतात. काय सुटेल ते त्यांना तरी कुठून ठाऊक असणार?

त्यानंतरच्या थंड्या आल्या आणि गेल्या. आजोबा आता काठी घेऊन फारसे उठत नाहीत. दुपारी खिडकीशी बसतात. मी बरं गाते, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सोसायटीतल्या बायका खालून जाताना थांबतात. तुमच्या बाबानं फोनवर ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "आई, हा तुझा आवाज आहे?" कधी तरी, संक्रांतीच्या सुमाराला, तीळ भाजताना खांदे वर चढतात, आणि मला क्षणभर वाटतं की आत कुठे तरी अजून कुणी वाट बघतंय. मग मी कढई उतरवते.

मागच्या महिन्यात, अशाच एका दुपारी, मी त्यांच्याजवळ बसून काहीबाही गात होते आणि गाता गाता, मनात काही नसताना, तुमची ती हाक घेतली. ईऽराऽऽ. नीऽलूऽऽ. पूर्वी कधी लागली नव्हती इतकी मोकळी लागली, गच्चीवरून अंगणात जावी तशी. आजोबांचे डोळे मिटलेले होते. ते उघडले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मान सावकाश वळवली आणि दाराकडे पाहिलं. डाव्या हातानं सदरा सारखा केला, खुर्चीत जरा सावरून बसले. चेहऱ्याची जी बाजू हसू शकते ती हसत होती. कुणी जिना चढून वर येतंय, एवढ्यात बेल वाजेल, अशा नजरेनं ते दाराकडे बघत राहिले.

मी त्यांना सांगितलं, "अहो, नाही. कुणी नाही. मी नुसती गात होते." ते बघतच राहिले. ऊन खिडकीतून गेलं, मी चहा आणला, तो निवला, तरी त्यांची मान तिकडेच होती. अंधार पडल्यावर मी खुर्ची फिरवली.

तेव्हापासून मी गाताना नावं घेत नाही. तोंड उघडून "आ" म्हणते, सुरात, तेवढंच.